एका तारेवर साडी आणि शर्ट

रविवारी दुपारी टीव्हीवर एक विनोदी सिनेमा लागला होता. दोन जिगरी दोस्त, सोयीपुरतं केलेलं खोटं लग्न, त्यातून होणारी धावपळ, आणि शेवटी एक लांबलचक भाषण, की माणसानं माणसाला आहे तसं सांभाळून घ्यावं. माझी दोन्ही मुलं हसून हसून सोफ्यावरून खाली सतरंजीवर आली होती. बायकोही हसत होती. मी वाटीतला चिवडा खात बसलो होतो. धाकटीनं विचारलं, बाबा, तुम्हाला कळत नाही का? मी म्हटलं, कळतंय, डोकं दुखतंय. डोकं वगैरे काही दुखत नव्हतं. थकवा आला होता. लोक ज्याचं तिकीट काढून हसतात ते मी सात वर्षं फुकटात करून बसलोय, आणि माझं शेवटचं दृश्य त्या सिनेमाइतकं बरं झालं नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मला कारंजा घाडगेला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. गाव हायवेवरचं. दिवसभर ट्रक, रात्रभर ट्रक, आणि ढाब्यावरच्या फोडणीचा वास थेट कचेरीतल्या फायलींपर्यंत. पहिले काही दिवस मी एका ढाब्याच्या माडीवर खाट भाड्यानं घेऊन राहिलो. हॉर्न वाजला की दचकून उठायचो आणि मग सकाळपर्यंत कूस बदलत पडायचो. म्हणून खोली शोधायला लागलो, आणि माणसाची झोप नुसत्या हॉर्ननंच उडते असं नाही, हे तेव्हा कळलं.

खोली पाहायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, फॅमिली आहे का. नाही म्हटलं की दार अर्धं बंद. दुसरा प्रश्न, पूर्ण नाव काय. आडनाव ऐकलं की उरलेलं अर्धं दारही बंद, पण फार नम्रपणे. खोलीला रंग द्यायचाय, भाचा शिकायला येणार आहे, विहिरीचं पाणी आटतं. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, वडील पुलगावच्या कापडगिरणीत लागले, मी पदवी घेऊन सरकारी टेबलावर बसलो, आणि आमचं आडनाव मात्र अजून लोकांच्या दारातच उभं होतं. पाच घरं झाली. तोवर मला राग यायचाही बंद झाला होता, नुसता कंटाळा यायचा. मागच्या खिशात रुमाल ठेवावा तसा मी तो कंटाळा बरोबर घेऊन फिरायचो.

माझ्या शेजारच्या टेबलावर त्याच आठवड्यात एक जण रुजू झाला होता. सिंदी रेल्वेचा, कापसाच्या आणि किराण्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला. दुकानाच्या गादीवर बसायला नको म्हणून घरच्यांशी भांडून नोकरीत आलेला. गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, धरून बोलायचा, बसल्या बसल्या एक पाय सतत हलवायचा, आणि खोटं इतक्या मनापासून बोलायचा की ऐकणाऱ्याला खऱ्याची लाज वाटावी. त्यालाही खोली हवी होती. आडनावाची अडचण त्याला नव्हती, पण फॅमिली त्यालाही नव्हती. सहाव्या घरी आम्ही दोघं मिळून गेलो.

दार उघडणारी बाई पन्नाशीची होती, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तोंड उघडायच्या आत हा सुरू झाला. त्याचं लग्न झालेलं आहे, बायको अमरावतीला डी.एड. करते आहे, परीक्षा झाली की येईल, आणि मी त्याच्या सख्ख्या मावशीचा मुलगा. एका दमात त्यानं मला सिंदीच्या व्यापाऱ्यांच्या घरात एक आई मिळवून दिली. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी आडनावाच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिलो. तिनं तो विचारलाच नाही.

"चालते," ती म्हणाली, आणि किल्ली आणायला आत गेली.

घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, मधल्या अंगणात नळ आणि पेरूचं झाड. पेरूपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत कपडे वाळवायची एक तार बांधलेली होती. तिचे आणि आमचे कपडे त्याच तारेवर पडायचे. आम्ही तिला काकू म्हणू लागलो. काका कुठे असतात, असं माझ्या दोस्तानं पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, आमच्या घरचे गाडीवर असतात, संत्र्याची गाडी घेऊन दिल्लीकडे जातात. संत्र्याचा बहार संपला, पुढचा आला, तोही संपला. काकांची गाडी काही परत आली नाही.

गल्लीला सगळं ठाऊक होतं, आणि महिन्याभरात आम्हालाही कळलं. काकांनी बारा वर्षांपूर्वीच नागपूरला दुसरा संसार मांडला होता. पण दर रविवारी सकाळी काकू निळ्या चौकड्यांचा एक पुरुषी शर्ट धुऊन, नीळ देऊन तारेवर घालायची. तोच शर्ट, दर रविवारी. त्याची कॉलर कधी झिजत नव्हती, कारण त्यात घासायला मान नव्हती. शेजारच्या बायका जाता जाता विचारायच्या, काकू, काका येऊन गेले वाटतं? ती म्हणायची, हो, पहाटेच गेले. आणि कुणीही, अगदी मागे वळल्यावरसुद्धा, हसायचं नाही. आम्हीही हसलो नाही. आम्हाला तिची कीव यायची आणि आपण फार समजूतदार आहोत असं वाटायचं.

आमचा संसार, म्हणजे दुसरा शब्द मला सापडत नाही, लवकर मार्गी लागला. भाजी मी करायचो, कारण त्याच्या हातची भाजी जनावरानंही हुंगून सोडली असती. पोळ्या तो लाटायचा आणि त्या गोल व्हायच्या, हे त्याचं एकमेव घरगुती कौशल्य. ओला टॉवेल खाटेवर टाकण्यावरून आम्ही सात वर्षांत बहुधा रोज भांडलो. मी तिखट फार घालतो यावरून तो कुरकुर करायचा आणि पाटोडीचा रस्सा दोनदा वाढून घ्यायचा. शर्टाचं बटण तुटलं की हाताला येईल त्या रंगाच्या दोऱ्यानं लावायचा, बहुतेक काळ्या, आणि पांढऱ्या शर्टावर ते काळे टाके मिरवत कचेरीत यायचा. दुसऱ्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला तेव्हा त्यानं अकरा दिवस रजा टाकली. माझ्या घरी कळवू दिलं नाही, आईला त्रास नको म्हणून. मी हिवानं थडथडत असताना तो पायाशी बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचा आणि मधेमधे मला धावसंख्या सांगायचा, जसा काही माझा ताप त्यावरच उतरणार होता.

मधल्यामध्ये त्याची बायको हे एक मोठं काम होऊन बसलं होतं. तिला त्यानं नाव दिलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. आमच्याच डोक्यातून निघालेलं असलं तरी एवढ्या वर्षांत ते एका माणसाचं नाव झालं आहे. तिला वांगं आवडत नव्हतं. तिचे केस कमरेच्या खाली होते. तिला तीन भाऊ होते, त्यातला मधला तापट. तो बोलायच्या भरात काहीही जोडायचा आणि लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे. एकदा काकूनं मला नळावर गाठून विचारलं, सून कुठे आहे सध्या? मी म्हटलं, आईचं ऑपरेशन आहे म्हणून आर्वीला आहे. तेवढ्यात आतून हा बाहेर आला आणि कुणी काही न विचारता म्हणाला, अमरावतीहून पत्र आलं, परीक्षा सुरू झाली. मी बादलीकडे पाहत राहिलो. काकूनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, म्हणजे आर्वीवरून जाऊन येऊन पेपर देते, बिचारी. आम्ही दोघंही जोरात हो म्हणालो. खोलीत आल्यावर तो खाटेवर पालथा पडून हसला. बाई किती भोळी आहे, असं आम्ही त्या दिवशी ठरवून टाकलं.

साडीची कल्पना त्याला त्या निळ्या शर्टावरूनच सुचली. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या होत्या, की सून एकदाही कशी येत नाही. तो सिंदीहून बहिणीची एक जुनी जांभळी साडी घेऊन आला आणि एका रविवारी आम्ही ती भिजवून तारेवर घातली, म्हणजे ती आली, राहिली, गेली. चादर घालतात तशी घातली, चौपदरी घडी करून, दोन टोकांना दोन चिमटे. पुढच्या रविवारी पुन्हा. नुसती साडी. बाईमाणसाच्या अंगावर साडीखेरीज आणखी काही असतं आणि तेही धुवावं लागतं, हे आम्हा दोघांच्या कधी डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या रविवारी बाजारातून परत आलो तर साडी कुणीतरी उलगडून, काठ ओढून, लांबवर नीट पसरलेली होती आणि तिच्या शेजारी एक परकर आणि एक पोलकं वाळत होतं. मी म्हटलं, काकूला तिच्या कपड्यांना जागा पुरली नसेल. तो म्हणाला, हो, तसंच असेल. त्यानंतर दर रविवारी तारेवर साडी, परकर, पोलकं आणि थोड्या अंतरावर तो निळा शर्ट असे वाऱ्यावर हलत असायचे. त्या घरात राहत नसलेल्या दोन माणसांचे कपडे आम्ही तिघं मिळून वाळवत होतो.

संक्रांतीला काकूकडे हळदीकुंकू असायचं. सगळ्या बायका गेल्या की ती ताट घेऊन मागच्या दाराशी यायची, सुनेचं वाण द्यायला. दरवर्षी एकच वाण, स्टीलची छोटी वाटी, काठाला एक बारीक रेघ. माझा दोस्त दोन्ही हात पुढे करून, वाकून, अगदी नव्या नवरीसारखा लाजून ती घ्यायचा. काकूच्या ओठांचा कोपरा हलायचा. ताटात आणखी एक वाटी असायची. ती माझ्याकडे क्षणभर पाहायची आणि ती वाटी तशीच परत आत न्यायची. शेजारची असेल, असं मला वाटायचं. मी त्या वेळी कपाळाला आठ्या घालून उभा असायचो, कारण असलं नाटक मला आवडत नव्हतं.

अशी सात वर्षं गेली. मला खरंच वाटत होतं की आम्ही सगळ्यांना फसवतोय.

सातव्या वर्षी एका संध्याकाळी मी त्याच्यासाठी खर्रा आणायला पानठेल्यावर गेलो होतो. कचेरीतला एक वयानं मोठा सहकारी आणि आणखी तिघं तिथे उभे होते. त्यानं माझ्या हातातली पुडी पाहिली आणि सहज विचारलं, "काय, वहिनीसाठी नेऊन राह्यला का?" चौघंही हसले. मीही हसलो. पाचसहा पावलं पुढे आल्यावर मला कळलं की वहिनी म्हणजे कोण. आणि हेही कळलं की त्या हसण्यात विखार नव्हता. गल्ली, कचेरी, पानठेला, सगळ्यांनी आम्हाला कधीचं काहीतरी समजून टाकलं होतं आणि चालवूनही घेतलं होतं. मला त्याचाच जास्त राग आला. आडनावावरून तोंड फिरवणारी माणसं मला पाठ होती. मला नको असलेल्या गोष्टीसाठी मला सांभाळून घेणारी माणसं पहिल्यांदाच भेटत होती, आणि मला ती सहन झाली नाहीत.

घरी आलो तर तो पोळ्या लाटत होता. मी पुडी फेकली आणि म्हटलं, हे आता बंद कर. एक तर खरोखर लग्न कर, नाहीतर सगळ्यांना सांगून टाक की बायको वगैरे काही नाही. लोक काय बोलतात ते मी त्याला सांगितलं. त्याचा पाय हलायचा थांबला. सात वर्षांत मी तो पाय कधी थांबलेला पाहिला नव्हता.

"मी लग्न नाई करणार," तो म्हणाला. "मले बाईसोबत ते जमत नाई. कधी जमलं नाई, जमणारबी नाई. तुले माहीत नाई का बे?"

मला माहीत होतं का? कुलूप लावायचं राहिलं असं वाटत असतं आणि तरी आपण परत जाऊन पाहत नाही, तसलं काहीतरी ते होतं. तो पोळी उलटवत माझ्याकडे न पाहता पुढे बोलला.

"तुह्यापाशी मले काई मागायचं नाई. कधी मागितलं का? फक्त हे घर राहू दे. सिंदीले मी पाहुणा असतो, कचेरीत मी सोंग असतो. इथं तेवढा मी टेकून बसतो."

एवढंच त्याचं मागणं होतं. दोन खोल्या, एक स्टो, अंगणातली तार, आणि त्या सगळ्यात कुणीतरी एक माणूस. मी दोन पोळ्या खाल्ल्या, ताट घासलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो.

पुढे मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही. तीनचार दिवसांनी तो कचेरीत असताना मी अर्धी रजा टाकून घरी आलो. काकू ओट्यावर सांबार निवडत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी उभ्या उभ्या तिला सांगून टाकलं. त्याचं लग्न झालेलं नाही, कधी होणारही नाही, बायको हे सगळं खोटं आहे, मी त्याचा मावसभाऊ नाही, मी फक्त खोलीपुरता त्याच्याबरोबर होतो, माझा त्याच्याशी तसा काही संबंध नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, त्याला बाहेर काढेल. खरं सांगायचं तर ती त्याला काढेल याची भीती मला होती आणि तरी मी बोलत राहिलो. पाच दारं माझ्यावर बंद झाली होती. सहावं उघडलं ते त्याच्या खोटेपणामुळे, आणि त्या दुपारी मी तेच दार त्याच्या तोंडावर लोटत होतो, केवळ आपण त्यातले नाही हे एका बाईला कळावं म्हणून. इतकं हलकं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

काकूनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"बरं," ती म्हणाली. "तू कव्हा जाणार?"

मी जाण्याबद्दल काहीच बोललो नव्हतो.

मी बदलीचा अर्ज केला. तो वर्ध्यासाठी मंजूर झाला. उन्हाळ्यात आईनं पाहिलेल्या मुलीशी माझं लग्न झालं. पांढरे कपडे, बुद्धवंदना, मांडवात कूलर आणि घामाघूम झालेले नातेवाईक. तो आला. काकूनं त्याला काही सांगितलं होतं की नाही हे मला त्याच्या तोंडावरून कळेना. माझ्या मामांच्या रांगेत मांडी घालून बसला, वंदना चालू असताना हात जोडले. माझ्या आईलाही आम्ही तेच खोटं सांगितलेलं होतं; तिनं त्याला विचारलं, बायको नाही आणली का? तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, तिचं डी.एड. सुरू आहे. सात वर्षांचं डी.एड. मला मांडवात इतकं हसू आलं की नवरी दचकून माझ्याकडे पाहायला लागली. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, तिखट कमी घालत जा, तिला सोसणार नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर त्याचे फोन यायचे. मी घाईत असल्यासारखं बोलायचो. एकदोन वर्षांत फोन कमी झाले, मग थांबले, आणि ते थांबल्याचं मला बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी कचेरीच्या कामानं कारंजाला, जुन्या कचेरीत नव्हे, पंचायत समितीत, जायचा योग आला. काम साडेचारला संपलं. बसला वेळ होता. पाय आपसूक त्या गल्लीकडे वळले असं म्हणणं सोपं आहे, पण मी सकाळपासून तेच ठरवत होतो आणि मोडत होतो. काकू सत्तरीकडे झुकली होती, वाकली होती, कुंकू मात्र तेवढंच. तिनं मला ओळखलं. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. चहा ठेवला.

मी अंगणात पाहिलं. पेरू वठला होता, तार तीच होती. तारेवर पाच शर्ट वाळत होते, वेगवेगळे, पाणी गळत असलेले, कॉलरी झिजलेल्या. एका पांढऱ्या शर्टाचं तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. निळा चौकडीचा शर्ट कुठे दिसेना. मी तिला त्याबद्दल विचारलं.

"त्याचं फडकं केलं," काकू म्हणाली. "आता काऊन पायजे तो? घरात माणूस आहे ना."

तो कुठेच गेला नव्हता. दोनदा बदली आली, दोनदा त्यानं हातापाया पडून रद्द करून घेतली. तो मागच्या खोल्यांत, ती पुढे, आणि चूल आता एकच. तिचा मोतीबिंदू त्यानं काढवून आणला होता. पोळ्या अजून तोच लाटत होता. तिनं हे सगळं बाजारभाव सांगावे तसं सांगितलं. मग ती उठली, आतून एक गाठोडं घेऊन आली आणि माझ्यापुढे सोडलं. स्टीलच्या सात वाट्या, काठाला बारीक रेघ, एकदाही न वापरलेल्या.

मी म्हटलं, ह्या त्याला द्या, सुनेच्या नावानं तोच घ्यायचा.

"त्याच्या त्यानं नेल्या," ती म्हणाली. "ह्या तुह्या. दर संक्रांतीले दोन काढून ठेवो. तो हासत घेये. तू आठ्या घालून उभा राहे, म्हणून मी परत नेवो."

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मी म्हटलं, काकू, आमच्यात तसं काही नव्हतं.

"मी कुठं म्हणते होतं म्हणून? मले काय करायचं ते. दोघं राह्यले, एकमेकांले करून घातलं, दुखलंखुपलं पाह्यलं. ते घर होतं. वाण घराले असते."

मग तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं, असं मी विचारलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

"साडी चादरीसारखी वाळू घातली होती तुम्ही. अन् दसऱ्याले पांढरा शर्ट घालून तू नागपूरले जाये, तेबी दिसे मले. मले विचाराचं असतं तर पहिल्याच दिवशी आडनाव नसतं का विचारलं?" चहाची कपबशी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "मीबी तो शर्ट वाळू घालतच होती ना. तुम्ही दोघं कधी हासले नाई. मंग मी काऊन हासू?"

मला तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. मी चहा प्यायलो. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सांगितलं, की थांब, सहाला येतो तो, जेवून जा, तुझ्या हातचा रस्सा खाऊन त्याला किती वर्षं झाली. पावणेसहा झाले होते. मी म्हटलं, बस चुकेल. तिनं आग्रह केला नाही.

बसस्टँडसमोर भाजीची दुकानं लागली होती. तो तिथे उभा होता. पोट सुटलेलं, केस पांढरे, हातात कापडी पिशवी. सांबाराच्या जुडीवरून भाजीवालीशी काहीतरी वाद घालत होता आणि ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती. आमच्यात दहा पावलं होती. मी गाठोडं हलवलं असतं तर वाट्या वाजल्या असत्या आणि त्यानं मान वर केली असती. मी ते दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं, बसमध्ये चढलो आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसलो.

घरी बायकोनं विचारलं, हे काय. मी म्हटलं, जुन्या घरमालकिणीनं तुझ्यासाठी वाण दिलंय. तिला इतका आनंद झाला की तिनं त्या वाट्या देवळात ठेवाव्यात तशा जपून मांडणीवर लावल्या. माझ्या दोस्तानं खोटं बोलून एका बाईला जन्माला घातलं होतं, मी खोटं बोलून स्वतःच्या वाट्या दुसऱ्याच्या नावावर केल्या. आता पाहुणे आले की ती त्यांना सांगते, बघा, त्या बाईनं मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी सात वर्षांचं वाण साठवून ठेवलं माझ्यासाठी. पाहुणे माना डोलावतात. मी पंख्याचा वेग वाढवायला उठतो.

रविवारी सिनेमा संपला. भाषण झालं, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, मुलं टाळ्या वाजवून खेळायला पळाली. बायकोनं माझ्या हातातली रिकामी वाटी घेतली, पदरानं काठ पुसला आणि नेहमीसारखं म्हणाली, किती चांगली बाई असेल ना. मी हो म्हटलं. ती वाटी माझी आहे, एवढंसुद्धा मला अजून माझ्या घरात सांगता आलेलं नाही.